४७६, १४५३, १७८९: पाश्चात्त्य इतिहासाची वळणं नेमकी कुठे आहेत?

प्रश्न असा आला आहे: "स्पर्धा परीक्षेसाठी युरोपचा इतिहास वाचतो आहे. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक हे तीन भाग आणि ४७६, १४५३, १४९२, १७८९ ही वर्षं पाठ आहेत. पण त्या वर्षी नक्की काय बदललं असं कोणी विचारलं की अडखळतो. खरी वळणं कोणती, आणि ती ओळखायची कशी?"

पदवीच्या वर्गांना युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. हाच प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, आणि जो विचारतो तोच पुढे नीट अभ्यास करतो असा माझा अनुभव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे तीन भाग कुठून आले ते पाहा. चौदाव्या शतकात पेट्रार्क या इटालियन कवीला सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळची लॅटिन पुन्हा हवी होती, आणि रोमच्या वैभवानंतरची सगळी शतकं त्याला अंधाराची वाटत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तोफ सेलारिउस या जर्मन प्राध्यापकाने इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिताना प्राचीन, मध्य आणि नवा अशी विभागणी पक्की केली. त्याने प्राचीन काळ संपवला तो सम्राट कॉन्स्टंटाइनपाशी आणि मध्ययुग संपवलं ते १४५३ला. म्हणजे प्राचीन काळाच्या शेवटाबद्दल खुद्द त्याचं आणि आपल्या गाइडचं एकमत नाही. बाराव्या शतकातल्या शेतकऱ्याला आपण कशाच्या तरी 'मध्ये' जगतो आहोत असं वाटणं शक्यच नव्हतं. ही नावं नंतरच्या माणसांनी, स्वतःच्या काळाला मोठं ठरवण्यासाठी दिली.

म्हणून वर्गात मी साल विचारण्याआधी चार गोष्टी विचारतो. त्या घटनेच्या आधी आणि नंतर कर कोणाकडे जात होता? धान्य कुठून येत होतं? मजुराला काय मिळत होतं? लिहिलेलं कोणापर्यंत पोचत होतं? यातलं काहीच हललं नसेल, तर ते साल कितीही प्रसिद्ध असो, वळण दुसरीकडे शोधायला हवं.

आता ४७६ घ्या. त्या वर्षी सप्टेंबरात ओडोआकर या सेनापतीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवलं. त्याला मारलंसुद्धा नाही. वार्षिक तनखा देऊन नेपल्सजवळच्या एका वाड्यात पाठवून दिलं. रोमच्या सिनेटने, म्हणजे तिथल्या सरदारांच्या सभेने, राजचिन्हं पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, सम्राट झेनोकडे धाडली आणि पश्चिमेला आता वेगळ्या सम्राटाची गरज नाही असं कळवलं. आधीचा पदच्युत सम्राट ज्युलियस नेपोस ४८०पर्यंत डाल्मेशियात हयात होता आणि ओडोआकर त्याच्या नावाने नाणी पाडत होता. सिनेट भरत होतं. पश्चिमेत कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठीचे मानाचे अधिकारी, ५३४पर्यंत नेमले जात होते. '४७६ला पश्चिमेचं साम्राज्य संपलं' हे वाक्य आपल्याला पहिल्यांदा सापडतं ते साधारण चार दशकांनंतर, तेही कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून लिहिणाऱ्या मार्सेलिनस या बखरकाराकडे.

मग पश्चिमेचं रोम केव्हा मोडलं? माझं उत्तर ४३९. त्या वर्षी गायसेरिक या राजाच्या व्हँडाल या जर्मॅनिक टोळीच्या सैन्याने कार्थेज घेतलं. आजच्या ट्युनिशियाचा हा पट्टा म्हणजे पश्चिमेचं धान्याचं कोठार आणि सर्वांत सुरक्षित महसूल. तिथलं धान्य रोमच्या घाटावर उतरायचं आणि तिथल्या करातून सैन्याचा पगार निघायचा. तो बंद झाल्यावर सैन्य पोसणं अवघड झालं. सैन्य नाही म्हणून आणखी प्रांत गेले. प्रांत गेले म्हणून कर आणखी आटला. हे चक्र थांबवायचा शेवटचा मोठा प्रयत्न ४६८मध्ये झाला. पूर्व आणि पश्चिम दोघांनी मिळून प्रचंड आरमार कार्थेजवर पाठवलं आणि व्हँडालांनी पेटत्या नौका सोडून ते जाळलं. त्यानंतर आठ वर्षांनी ओडोआकरने जे केलं ती केवळ नोंद होती. उत्तरपत्रिकेत ४७६ जरूर लिहा, पण त्याच्या आधी ४३९ आणि ४६८ लिहा. तपासणाऱ्याला लगेच कळतं की या मुलाने विचार केला आहे.

पुढची पाच शतकं मी इथे गाळतो. ८०० सालच्या नाताळात पोपने शार्लमेन या फ्रँक राजाला सम्राट म्हणून मुकुट घातला, एवढं लक्षात असू द्या. हजार ते तेराशे हा काळ मात्र 'अंधारयुग' या शब्दामुळे फार अन्यायाने झाकला गेला आहे. जड माती उलटवणारा नांगर, तीन पाळ्यांची शेती, पाणचक्क्या, बोलोन्या आणि पॅरिसची विद्यापीठं, स्पेनमधल्या टोलेडोत अरबीतून लॅटिनमध्ये झालेली भाषांतरं, सगळं याच काळात रुजलं किंवा पसरलं. १२०२मध्ये पिसाच्या फिबोनाची या गणितज्ञाने व्यापाऱ्यांना नवी अंकपद्धती शिकवली आणि त्या नऊ आकड्यांना त्याने स्पष्टपणे 'भारतीयांचे अंक' म्हटलं. मेडिची सावकारांच्या खतावण्या या अंकांशिवाय कशा चालल्या असत्या, याचा विचार विद्यार्थ्यांना करायला लावावा असं मला वाटतं.

आता ज्या वळणाला परीक्षेत दोन ओळी मिळतात आणि माझ्या मते निदान दहा मिळायला हव्यात, त्याबद्दल. १३४७च्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेली जिनोवाची गलबतं सिसिलीतल्या मेसिना बंदरात लागली. सोबत प्लेग आला. १३४८मध्ये फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन. चार-पाच वर्षांत युरोपची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या गेली. पुण्या-मुंबईच्या घरांत १८९६-९७च्या साथीच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, जंतू हाच. रँडची घरझडती ज्यांना माहीत आहे त्यांना साथीने समाज कसा ढवळतो हे वेगळं सांगायला नको.

पण वळण मृत्यूच्या आकड्यात नाही, त्यानंतर जमीन आणि मजूर यांचं गणित उलटलं त्यात आहे. आधी माणसं भरपूर आणि जमीन तोकडी होती. आता जमीन ओस आणि माणूस मिळेना. मजूर जास्त मजुरी मागू लागले आणि मालकाला सोडून शेजारच्या गावी जाऊ लागले. इंग्लंडच्या राजाने १३४९मध्ये फर्मान काढलं आणि १३५१मध्ये संसदेने कायदा केला की मजुरी साथीच्या आधीच्या दरानेच घ्यायची. कायदा करावा लागला, यातच सारं आलं. दर वाढतच राहिले. १३८१मध्ये डोईपट्टीच्या निमित्ताने केंट आणि एसेक्समधले शेतकरी वॉट टायलरच्या मागे लंडनवर चालून गेले. त्यांच्यातल्या जॉन बॉल या धर्मोपदेशकाच्या तोंडचा सवाल बखरीत नोंदलेला आहे: आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा जमीनदार कोण होता? बंड चिरडलं गेलं, बॉलला देहान्त शासन झालं. पण पुढच्या शतकभरात इंग्लंडमधली वेठबिगारी कोणताही मोठा कायदा न होता विरत गेली, आणि मजुराच्या ताटात मांस अधिक वेळा दिसू लागलं.

एल्ब नदीच्या पूर्वेला मात्र नेमकं उलट घडलं, आणि मला हा भाग शिकवताना आजही नवल वाटतं. पोलंड, प्रशिया, पुढे रशिया इथेही माणसं कमी आणि जमीन भरपूर होती. पण तिथली शहरं दुबळी, राजसत्ता सरदारांवर अवलंबून, आणि बाल्टिकमधून पश्चिमेला धान्य विकून पैसा मिळत होता. तिथल्या जमीनदारांनी टंचाईवर उपाय म्हणून शेतकऱ्याला जमिनीला बांधून टाकलं. प्रशियात ही बांधिलकी १८०७च्या फर्मानाने मोडायला सुरुवात झाली, रशियात १८६१ उजाडलं. माणसं दुर्मीळ झाली की ती मोकळी होतात असा नियम नाही. त्या वेळी कायदा आणि बळ कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. एका जंतूने पश्चिम आणि पूर्व युरोप असे दोन रस्ते वेगळे केले नाहीत, पण आधीच असलेली फट त्याने रुंद केली.

यानंतर १४५३. इथे मला एक चूक कबूल करायची आहे, कारण ती मी स्वतः पहिली काही वर्षं शिकवली. 'तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्यामुळे आशियाचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपियन नवा जलमार्ग शोधायला निघाले.' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे असंच पाठ केलं जातं. सनावळीच याच्या विरोधात उभी आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं स्यूटा १४१५मध्ये घेतलं. १४३४मध्ये त्यांची गलबतं बोजादोर भूशिर ओलांडून दक्षिणेला गेली. १४४४मध्ये पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या २३५ माणसांची लागोस या पोर्तुगीज बंदरात वाटणी झाली. हे सारं कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आधीचं, आणि ओढ होती आफ्रिकेतल्या सोन्याची आणि गुलामांची. शिवाय मिरीचा मुख्य रस्ता कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हता. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तला, तिथून अलेक्झांड्रियात, आणि व्हेनिसच्या गलबतांतून युरोपात जायची. इजिप्तवर तेव्हा मामलुक सुलतान होते. तो देश उस्मानी तुर्कांकडे आला १५१७मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरल्यावर एकोणीस वर्षांनी. रस्ता बंद नव्हता. पोर्तुगीजांना तो व्हेनिस आणि मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातून काढून घ्यायचा होता. गामाने किनाऱ्यावर पाठवलेल्या पहिल्या माणसाला तिथे ट्युनिसचे दोन मुसलमान भेटले. तुम्ही इथे कशाला आलात, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं: ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला.

तसंच १४५३मुळे ग्रीक पंडित इटलीत पळून आले आणि प्रबोधन सुरू झालं, हेही अर्धवट. मॅन्युएल क्रिसोलोरास १३९७मध्येच फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवू लागला होता.

मग १४५३ खोडून टाकायचं का? नाही. त्या एका उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. २९ मे रोजी कॉन्स्टँटिनोपलची हजार वर्षं टिकलेली तटबंदी ढासळली, त्यात ऑर्बान या हंगेरीच्या तोफा ओतणाऱ्या कारागिराच्या तोफांचा मोठा वाटा होता. आणि १७ जुलै रोजी फ्रान्समधल्या कास्तियों इथे फ्रेंच तोफखान्याने इंग्रजांचा धुव्वा उडवून शंभर वर्षांचं युद्ध संपवलं. तोफखाना बाळगणं एकेका सरदाराच्या ऐपतीबाहेरचं होतं. त्याला कायमचा कर लागतो, कायमचा कर वसूल करायला कारकून लागतात, आणि हे दोन्ही राजालाच जमतं. किल्ल्याच्या आडोशाला बसून राजाला जुमानत नाही असं म्हणण्याचे सरदारांचे दिवस इथून सरत गेले. १४५३ या अर्थाने वळण आहे, मिरीच्या अर्थाने नाही.

छपाईबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एकच गोष्ट. माइन्त्समध्ये गुटेनबर्गचं बायबल १४५५च्या सुमारास तयार झालं. त्याच शहरात, त्याच सुमारास, पापक्षमेची पत्रकंही छापली जात होती: तयार मजकूर, फक्त विकत घेणाऱ्याचं नाव भरायला मोकळी जागा. १५१७मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाने या क्षमापत्रांवरच हल्ला चढवला आणि त्याचे ९५ मुद्दे काही आठवड्यांत जर्मनीभर छापून पसरले. यंत्राची बाजू कोणतीच नव्हती; बदलला तो छापलेल्याचा वेग आणि वाचणारा. हेच यंत्र १५५६मध्ये गोव्यात उतरलं, भारतातला पहिला छापखाना. १६१६मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं: ओवी मराठी, अक्षरं रोमन.

१४९२ची महती कोलंबसाच्या धाडसात शोधू नका. स्वयंपाकघरात शोधा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, पेरू, अननस, यांतलं काहीही त्याआधी अटलांटिकच्या अलीकडे नव्हतं. आपल्या 'बटाटा', 'काजू' आणि 'अननस' या शब्दांवर पोर्तुगीज भाषेचा शिक्का अजून आहे. उलट दिशेने गेली देवी आणि गोवर. १५२१मध्ये मेक्सिकोतलं तेनोच्तित्लान, अझ्टेकांची राजधानी, स्पॅनिशांच्या हाती पडलं तेव्हा देवीच्या साथीने शहर आधीच पोखरलं होतं. १५४५मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. ती युरोपमार्गे सुरतेच्या टांकसाळीपर्यंत येत राहिली, कारण मुघलांच्या रुपयाला लागणारी चांदी या देशात पुरेशी निघत नव्हती. आणि पुढच्या साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. पाश्चात्त्य इतिहासाच्या कोणत्याही कालपटात हे तळटीप म्हणून येता कामा नये.

१६४८चा वेस्टफालियाचा तह: तीस वर्षांचं धर्मयुद्ध संपलं, राजकारणात पोपचा शब्द अखेरचा राहिला नाही. एवढं पुरे.

१७८९कडे येऊ. पॅरिसमधला बास्तीय तुरुंग १४ जुलैला फुटला तेव्हा आत सात कैदी होते. ही गोष्ट सांगून काही जण क्रांती लहान करू पाहतात; ते चूक आहे. आदल्या वर्षी गारपिटीने आणि अवर्षणाने पीक बुडालं होतं, पॅरिसमध्ये चार पौंडांच्या पावाला साडेचौदा सू (फ्रेंच नाणं) पडत होते आणि मजुराची दिवसाची कमाई होती वीस ते तीस सू. सरकारच्या खर्चाचा जवळजवळ अर्धा भाग कर्ज फेडण्यात जात होता आणि सरदार व धर्मपीठ करातून बरेचसे मोकळे होते. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केले असं आपण वाचतो. खरं तर त्यातली बरीच देणी शेतकऱ्याने मोबदला भरून सोडवायची होती. ती विनामोबदला संपली १७ जुलै १७९३ला. माझ्या चार प्रश्नांच्या कसोटीवर फ्रेंच शेतकऱ्याचं वळण ते आहे.

आणि दुसरं वळण फ्रान्सच्या बाहेर, कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग या वसाहतीत. साखरेच्या मळ्यांतल्या गुलामांनी ऑगस्ट १७९१मध्ये उठाव केला. 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' या पॅरिसच्या जाहीरनाम्याला त्यांनी शब्दशः खरं मानलं. १८०४मध्ये तिथे हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभं राहिलं. अनेक जुन्या पाठ्यपुस्तकांत हैतीचं नावही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या विचारांचा धागा आपल्याकडे सरळ येतो. थॉमस पेनने फ्रेंच क्रांतीच्या बाजूने लिहिलेलं मानवी हक्कांवरचं पुस्तक जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं होतं. १८७३मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना त्यांनी ते अर्पण केलं, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून पाश्चात्त्य इतिहासाचं नेमकं कोणतं वळण आपल्या कामाचं आहे हे त्यांनी अचूक ओळखलं.

औद्योगिक क्रांतीला एक साल चिकटवू नका. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाच्या १७६९च्या पेटंटपासून १८३०च्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेपर्यंतचा पट्टा म्हणून लक्षात ठेवा. तिची पोच मोजायची तर १८६१ ते ६५ पाहा. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईत सोन्याच्या भावाने गेला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. मिसिसिपीच्या काठावरचं युद्ध आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातातले पैसे एका दोरीने बांधले गेले होते.

शेवटचं मोठं वळण कोणतं, १९१४, १९४५ की १९८९? मी १९१४ म्हणतो. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि उस्मानी अशी चार साम्राज्यं त्या वर्षी सुरू झालेल्या पहिल्या महायुद्धाने संपवली. रशियातली क्रांती, वर्सायचा तह, त्यातून हिटलर, पश्चिम आशियाच्या आजच्या सीमा, हे सगळं तिथून निघतं. १९८९ला पडलेली बर्लिनची भिंत हा त्याच हिशोबाचा फार उशिरा मिटलेला भाग. सैन्यही केवळ युरोपचं नव्हतं. एप्रिल १९१६मध्ये इराकमधल्या कुत इथे ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे, वेढ्यात अन्न संपल्यावर शरणागती पत्करली, तेव्हा त्यात मराठा पलटणींचे जवान होते. सातारा आणि कोकणातल्या काही गावांत आजही एक दगडी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. तुमच्या गावात ती असेल तर जाऊन वाचा. तिच्यावर युद्धाची वर्षं १९१४-१९१९ अशी कोरलेली आहेत, कारण तोफा १९१८च्या नोव्हेंबरात थांबल्या तरी तहावर सह्या झाल्या त्या पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये.